अडीचशे वॅटची चोरी

१

गुरुवारी सकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी माहीम-पालघर रस्त्यावर, खाडीच्या पुलाच्या चढावर, मंगला चुरी यांच्या सायकलची ताकद चोरीला गेली.

सायकल जागेवर होती. बॅटरी भरलेली होती. विड्याच्या पानांची करंडी कॅरिअरवर बांधली होती तशीच होती. मागच्या चाकाच्या मधोमध बसवलेली, डब्याएवढी हब मोटरसुद्धा होती. फक्त त्या मोटरमध्ये पुलाच्या पायथ्यापर्यंत असलेले अडीचशे वॅट आता नव्हते. पोलिसांत जाण्यासारखा प्रकार नव्हता, कारण पंचनाम्यात सगळा मुद्देमाल हजर दिसला असता.

मंगलाबाईंनी नुसत्या पायडलवर चढून बघितलं. करंडीसकट ती सायकल पायाने ओढायची तर गुडघे तिशीतले हवेत. त्यांचे चोपन्न वर्षांचे होते. त्या उतरल्या, सायकल स्टँडला लावली आणि नवऱ्याला फोन केला.

पंधरा दिवसांतली ही तिसरी वेळ, आणि घरात तिसऱ्या वेळेला कायद्याचं वजन होतं. दुसऱ्या वेळेनंतर ओटीवर बैठक बसली होती. त्यात ठरलं, की आणखी एकदा बंद पडली तर सायकल विकून टाकायची, पानं पुतण्याच्या टेम्पोतून पालघरला जातील, आणि मंगलाने घरी बसून पानांच्या गड्ड्या लावायच्या. बैठकीत सगळे बोलले. मंगलाबाई तेव्हा चहा करत होत्या.

गड्ड्यांना त्यांची ना नव्हती. पण पंचवीस वर्षं त्यांनी हा रस्ता स्कूटरच्या मागच्या सीटवरून, नवऱ्याच्या मानेच्या डाव्या बाजूने पाहिला होता. सहा महिन्यांपूर्वी सायकल आली आणि तो पहिल्यांदा समोरून दिसला. त्या आठ किलोमीटरांत त्यांना कोणी हाक मारत नसे.

गुरुवारी संध्याकाळी ओटीवर पुन्हा बैठक बसली. या वेळी मंगलाबाईंनी चहा केला नाही.

"विका," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी. तवर मला एवढं कळू दे, मोटर मेली का कुणी मारली."

२

शुक्रवारी सायकल पुतण्याच्या टेम्पोतून बोईसरला गेली. जिथून मोटर बसवून घेतली होती तिथेच, 'केदार मोटर वाइंडिंग अँड ई-सायकल' या दुकानात. पाटीवर केदारचं नाव होतं, शेजारी केदारचा फोटो होता, आणि गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवत विचारायचं, "नवसीबाय हाय का?"

नवसी मनोरपलीकडच्या एका डोंगरपाड्यावरची. अठरा वर्षं ती तांब्याच्या तारा गुंडाळत होती, टेबलफॅनपासून तारापूरच्या कारखान्यांतल्या पंपांपर्यंत. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मोटरला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आजार सांगायचा. केदारने हे शिकण्यासाठी एक दिवस दुकान बंद करून प्रयत्न केला होता. त्याला स्वतःच्या कानातलंच काहीतरी ऐकू आलं. तेव्हापासून तो नवसीला पगार वेळेवर देई, पण शाबासकी देत नसे.

केदारने कामाला रीतसर सुरुवात केली. आधी डाव्या ब्रेकच्या मुठीला लटकणारं लिंबू-मिरची आणि काळ्या कापडाची दृष्टीची बाहुली दोन्ही हातांनी सोडवली आणि ग्राइंडरजवळच्या खिळ्याला, देवाच्या फोटोखाली, अडकवली. दुसऱ्याच्या दृष्टीची वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, हा दुकानातला एकच सुरक्षेचा नियम सगळे पाळत. मग त्याने सायकल सोलली. पहिल्या वेळी मोटर उघडून आतले नायलॉनचे दातेरी गिअर पाहिले होते, शाबूत निघाले. दुसऱ्या वेळी कंट्रोलर बदलला होता. आता त्याने एकेक वायर, एकेक जोड, ब्रेकचे दोन्ही लिव्हर पुन्हा तपासले.

नवसीने मागचं चाक उचलून मोटर चालू केली आणि टायरला लाकडी फळी दाबून धरली, चढ असल्यासारखी. मोटरने फळी चावली, आवाज जरा जाड झाला, पण वेग सोडला नाही. नवसीने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

"ठणठणीत हाय," ती म्हणाली. "डाक्टरकडं आल्यावर ताप उतरतो ना काही लोकांचा, तसं."

"म्हणजे मी तीन वेळा खोलली ती उगाच?"

"उगाच नाय. ग्रीस चांगलं भरलंय तुमी."

केदारला हे कौतुक आहे की काय ते समजेना, म्हणून तो हरवलेला वॉशर शोधू लागला. "इथेच ग्राइंडरपाशी ठेवला होता. नवसीबाय, तूच हलवला असशील."

नवसीने वॉशर हलवला नव्हता. ती खिळ्याकडे बघत होती.

"केदारशेठ, ही बाहुली बाप्या हाय का?"

"का?"

"दाढी आलीय तिला."

केदार हसला नाही. तिच्या विनोदाला गिऱ्हाइकासमोर हसायचं नाही असं त्याचं ठरलेलं होतं, आणि टेम्पोवाला पुतण्या समोर उभा होता. त्याने सायकल जोडली, वॉशर दुसरा लावला, बाहुली पहिल्यासारखी मुठीला बांधली.

"उद्या मी माहीमला जाते," नवसी म्हणाली. "मोटर बरी हाय. माणसं तपासायला पायजेत."

केदार रात्रभर विचार करून सकाळी तिच्याआधी टेम्पोत बसला.

३

चुऱ्यांच्या अंगणात दोन चुली होत्या, मोठ्या जावेची आणि धाकट्या जावेची. मधे एक तुळस आणि सीमारेषा. धाकटी जाऊ चारुता हिने प्रश्न येण्याआधीच उत्तर दिलं.

"मी कशाला जळू? मला सायकलची हौसच नाय. मला चालायला आवडतं."

"मी कुठं काय इचारलं," नवसी म्हणाली आणि पायरीवर बसली.

"सकाळी सात वीसला निघते. सव्वासातला आरशात बघते. आधी साडी असायची, आता ड्रेस घालते, ओढणीला गाठ मारून. नऊला परत येते, घामाचा थेंब नाय अंगावर. आणि परत आल्यावर घंटी वाजवते. रिकाम्या अंगणात. कुणासाठी वाजवते, सांगा."

"तुमच्यासाठी," पलीकडच्या चुलीवरून मंगलाबाई म्हणाल्या.

"बघा. आणि वर ती काळी बाहुली. सगळ्या आळीला ठाऊक हाय ती कुणाच्या नजरेसाठी बांधलीय. मी या घरात सत्तावीस वर्षं हाय, मला आजवर कुणी लिंबू-मिरची लावली नव्हती."

केदारने 'चारुता' असं वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. त्याच्या हिशेबाने खटला संपला होता.

"आता मीच सांगते," चारुताने आवाज खाली आणला, म्हणजे तुळशीपर्यंतच ऐकू जाईल इतका. "मोटरबिटर काय बंद पडत नाय. वयनी ढोंग करते. स्वतःच ब्रेक मारते."

"कशावरनं?"

"मागच्या मंगळवारी मी निमेशच्या टेम्पोत होते, तिच्या मागनंच. पुलावर चढताना सायकलचा मागचा लाल दिवा पेटला. ब्रेक मारल्याशिवाय पेटतो का तो?"

केदार पुढे सरसावला. "नाही पेटत. ब्रेकची मूठ जरा दाबली तरी दोन गोष्टी होतात. मागचा दिवा लागतो आणि मोटरचा करंट तोडला जातो. सुरक्षेसाठी."

मंगलाबाई हातातलं उलथनं तसंच घेऊन तुळशीपाशी आल्या. "गावदेवीची शपथ. मी ब्रेकला बोट लावलं नाय. चढावर कोण ब्रेक लावतं?"

दोघी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या. सत्तावीस वर्षांच्या सरावाने दोघींनाही ठाऊक होतं, की समोरची या क्षणी खोटं बोलत नाही.

४

निमेश म्हणजे टेम्पोवाला पुतण्या, चारुताचा मुलगा. सायकल विकली गेली की पानांची फेरी त्याला मिळणार होती, म्हणून केदारने त्याच्या नावाखालीही एक रेघ ओढली.

"मला नको ती फेरी," निमेश म्हणाला. "पानं सात वीसला निघतात. मी तवर झोपेत असतो. मंगळवारी, गुरुवारी उठलो ते पालघरचं भाडं होतं म्हणून."

"मग सायकलीवर राग नाय तुझा?" नवसीने विचारलं.

"राग हाय ना. मी टेम्पो घेतला तेव्हा पेढे खायला चार माणसं आली. काकीची सायकल आली तर अर्धं माहीम चक्कर मारून गेलं. पण राग असला म्हणून कोण मोटर बिघडवतं? मला बल्ब बदलता येत नाय."

हे खरं होतं. टेम्पोचा एक दिवा दिवाळीपासून बंद होता.

"गुरुवारी वारा कुठला होता?"

"समोरनं. पौषात सकाळी मतलईच असतो, जमिनीवरनं दर्याकडं. पालघरला जाताना तोंडावर, येताना पाठीवर. झाडीत कळत नाय, पुलावर उघड्यावर कानफटात मारतो."

"आणि येताना सायकल कधी बंद पडली?"

"येताना नाय. तिन्ही वेळा जातानाच. सगळे म्हणतात करंडीचं वजन."

नवसीने पुढचं विचारलं. "गुरुवारी काकीनं फोन केला तेव्हा तू कुठं होतास?"

"पालघरहून परत येत होतो. तिनं काकाला लावला, मग मला लावला. मी चार मिनिटांत पुलावर. पण काका माझ्या आधी हजर. इस्त्रीचा शर्ट, पावडर, करंडी स्कूटरवर बांधूनसुद्धा झालेली."

"घरून पुलापर्यंत स्कूटरला किती लागतात?"

"बारा." निमेशने हे सांगितलं आणि मग बोटांवर काहीतरी मोजू लागला.

धर्माजी चुरी, मंगलाबाईंचे यजमान, तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात सायकलपाशी उकिडवे बसले होते. तारापूरच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. टाकीतलं पाणी वर आलं की पंप आपोआप बंद करणारी स्विचं सांभाळणं हे त्यांचं काम होतं. शनिवार असल्यामुळे ते नवं लिंबू-मिरची बांधत होते.

"लोकांच्या नजरा फार वाईट, बाई," ते नवसीला म्हणाले. "पंधरवड्यापूर्वी मीच ही बाहुली शिवून बांधली. घरातल्याच माणसांचं काय सांगावं."

"तरी बंद पडलीच."

"नजर जबरदस्त असणार."

त्यांनी लिंबाची दोरी कशीही गुंडाळली. बाहुलीची दोरी मात्र चार बोटं आणि एक पेर अशी मोजून, गाठ दोनदा तपासून बांधली. नवसीने ते बघितलं, आणि मग चारुताकडे वळून म्हणाली, "ताई, सगळ्यांना बोलवा. आणि तुमच्या बांगडीतली सेफ्टी पिन मला द्या."

५

अंगणात सगळे जमले. चारुता पुढे बसली होती, कारण आरोप आपल्यावरच येणार आणि तो नीट ऐकू यायला हवा अशी तिची तयारी होती.

"मंगलाबाय म्हणते ब्रेक मारला नाय," नवसीने सुरुवात केली. "चारुताताय म्हणते लाल दिवा पेटला. दोघी खरं बोलतात. जळणारं माणूस तोंडानं कायपण बोलेल, पण डोळ्यानं चुकीचं नाय बघणार. त्याच्याएवढं टक लावून दुसरं कोण बघत नाय."

चारुताने हा मान समजून पदर सारखा केला.

"म्हंजी ब्रेक दाबला नाय, पण सायकलला वाटलं दाबला. त्या मुठीच्या आत एक बारीक चुंबक असतं. मूठ दाबली की ते सरकून सेन्सरपाशी येतं, आणि सेन्सर मोटरला सांगतो, थांब. आता बाहेरनं दुसरं चुंबक कुणी तिथं आणलं, तरी सेन्सर तेच सांगणार. त्याला काय कळतं कुणाचं चुंबक ते."

"मी मूठ तपासली होती," केदार म्हणाला. "तीन वेळा."

"तीन वेळा तपासली, आणि तीन वेळा तपासायच्या आधी एक वस्तू दोन्ही हातांनी काढून खिळ्याला लावलीत. म्हणून दुकानात ताप उतरायचा. खिळ्याजवळ ग्राइंडर. ग्राइंडरची लोखंडी राख सगळीकडं उडते, देवाच्या फोटोवर पण बसते. पण फोटोला दाढी येत नाय."

तिने सेफ्टी पिन तळहातावर ठेवून सायकलच्या मुठीजवळ नेली. पिनने तळहात सोडला आणि टुणकन जाऊन काळ्या बाहुलीच्या पोटाला चिकटली.

नवसीने बाहुली उलटी केली. पाठीला केदारचा वॉशर होता.

"सपाटीवर ही बाहुली सुटी लोंबते," ती म्हणाली. "पुलावर समोरनं जोराचा मतलई आला, वर चढ, की मागं जाऊन मुठीला टेकते. दिवा पेटला, मोटर मेली. उतरून स्टँडला लावली की पुन्हा सुटी. येताना वारा पाठीवर, तेव्हा ही पुढं लोंबते, सायकल शहाणी. दोरी एक बोट आखूड असती तर पोचली नसती. लांब असती तर सपाटीवरपण आपटली असती. मोजून बांधलेली हाय."

सगळ्यांच्या माना एकदम धर्माजींकडे वळल्या. आळीतल्या कुत्र्याचीही वळली, पण त्याचं कारण वेगळं असावं.

"आणि फोन यायच्या आधीच," निमेशने बोटं मिटली, "काका पुलापाशी उभे होते."

"टपरीवर चहा घेत होतो," धर्माजी म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा कबुलीजबाब झाला.

मंगलाबाईंनी उलथनं खाली ठेवलं. "मी पडले असते तर?"

"चढावर वेग असतो किती? आणि उतारावर बंद पडू नये म्हणून तर दोरी..." इन्स्ट्रुमेंट विभागातल्या माणसाचा अभिमान क्षणभर डोकावून गेला. मग तोही गेला. "जुन्या स्पीकरमधलं चुंबक आहे. बाकी काही केलं नाही मी मोटरला."

"पण का?"

धर्माजी लिंबाची दोरी पुन्हा गुंडाळू लागले.

"पंचवीस वर्षं मागे बसायचीस. पुलावर वारा लागला की खांदा धरायचीस. आता सात वीसला घंटी वाजवून जातेस, आणि मी ओटीवर बसून मोटरचा आवाज ऐकतो. स्कूटरसुद्धा हल्ली मागून हलकी पडते, नीट चालत नाही." त्यांनी मागच्या चाकाकडे बोट केलं. "डब्याएवढी मोटर. तिच्यात माझ्यापेक्षा काय जास्त आहे, ते बघत होतो."

"अडीचशे वॅट," केदार म्हणाला. त्याला तेवढं एकच उत्तर येत होतं.

"म्हंजी बाहुली माझ्यासाठी नव्हतीच," चारुता हळूच म्हणाली. आपण निर्दोष सुटलो याचा तिला आनंद व्हायला हवा होता. पण पंधरा दिवस सगळी आळी आपल्या नजरेला भीत होती, ती भीती एका जुन्या स्पीकरची निघाली, हे तिला जरा लागलं.

मंगलाबाई आत गेल्या आणि कात्री घेऊन आल्या.

६

त्यांनी बाहुलीचं पोट उसवलं, चुंबक काढलं आणि पुन्हा शिवलं. बाहुली मुठीला परत बांधली, लोकांच्या नजरेचा भरवसा नाही म्हणून. चुंबक फ्रिजच्या दारावर गेलं. त्याच्याखाली एक कागद होता आणि कागदावर एकच ओळ होती: पानांच्या गड्ड्या, रोज दुपारी, धर्माजी.

सायकल विकायचा विषय कोणी काढला नाही. बैठकही बसली नाही, कारण चहा कोण करणार हे ठरत नव्हतं.

रविवारी सकाळी सात वीसला मंगलाबाईंनी करंडी कॅरिअरवर बांधली नाही. ती नवऱ्याच्या हातात दिली.

"बसा," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"मागे. अजून कुठे जागा दिसते?"

धर्माजी इस्त्रीच्या शर्टात कॅरिअरवर बसले. करंडी मांडीवर. नवसी, केदार, निमेश आणि चारुता टेम्पोतून मागे निघाले. केदार म्हणाला, ही मोटरची अधिकृत चाचणी आहे आणि ती मालकाच्या देखरेखीखाली व्हायला हवी.

झाडीतून सायकल बावीसने गेली. पूल लागला, मतलई समोरून आला, आणि वेग उतरू लागला. अठरा. चौदा. मंगलाबाई पायडल मारत होत्या. मोटरचा आवाज जाड झाला, फळी दाबल्यावर झाला होता त्याहून जाड. अकरा. नवसीने टेम्पोच्या खिडकीतून कान बाहेर काढला.

"कुंथते," ती म्हणाली. "पण सोडत नाय."

नऊवर वाऱ्याचा एक जोराचा झपाटा आला आणि सायकल हलली. करंडी एका हाताने धरून दुसरा हात कुठे ठेवावा हे धर्माजींना कळेना. पंचवीस वर्षांत ही अडचण त्यांना कधी आली नव्हती. मग त्यांनी तो मंगलाबाईंच्या खांद्यावर ठेवला, आणि त्यांच्या मानेच्या डाव्या बाजूने पुढचा रस्ता बघू लागले.

पुलाच्या माथ्यावर केदारने वहीत चाचणीचा निकाल लिहिला: चढावर वेग नऊ. दोष मोटरमध्ये नाही. दोष अंदाजे अठ्ठ्याहत्तर किलो.

चारुताचं लक्ष सगळा वेळ मागच्या दिव्यावर होतं. तो एकदाही पेटला नाही. पालघरच्या बाजारात उतरल्यावर तिने केदारला बाजूला घेतलं आणि विचारलं, निमेशचे पप्पा जरा जाड आहेत, तर त्यांना मागे बसवून पूल चढेल अशी मोटर किती वॅटची येते, आणि ती वयनींच्या मोटरपेक्षा दिसायला मोठी असते का.